एका शब्दाने खाल्लेलं दीड वर्ष

नेट या पात्रता परीक्षेचा निकाल लागला की आठवड्याभरात कुणाचा तरी फोन येतोच. "ताई, रोजच्या वापरातली रसायनं आणि गरोदरपण या विषयावर पीएचडी करायची आहे. सुरुवात कुठून करू?" मी विचारते, नमुने कुठून आणणार? समोर शांतता. मग विचारते, रक्त घेणार की लघवी? थोडा वेळ जातो आणि चाचरत उत्तर येतं, "रक्तच चांगलं ना?"

शिसं मोजायचं असेल तर रक्त. थॅलेट (प्लास्टिक मऊ करायला आणि सुगंधात वापरतात ते), बिसफिनॉल-ए (कडक प्लास्टिकमधलं), पॅराबेन (प्रसाधनं टिकवणारं) यांच्यासाठी लघवी. ही रसायनं शरीरात मुक्कामाला राहत नाहीत. काही तासांत मोडतात आणि लघवीवाटे निघून जातात. रक्तात त्यांचं प्रमाण मुळात कमी, त्यात रक्तातली विकरं (एन्झाइम) नळीच्या प्लास्टिकमधून मिसळलेलं थॅलेटही मोडून टाकतात. मग बाईच्या शरीरातून आलेलं कुठलं आणि आपल्या नळीतून आलेलं कुठलं, हे यंत्राला कळत नाही. हे सगळं तुम्हाला रिव्ह्यू पेपरांत मिळेल, म्हणून मी पाठ्यपुस्तकात शिरत नाही. डीईएचपी हे प्लास्टिक मऊ करणारं एक थॅलेट, एमईपी हा सुगंधातल्या थॅलेटचा लघवीत सापडणारा अंश, आणि कोहॉर्ट म्हणजे काही काळ पाठपुरावा केलेला लोकांचा गट, एवढं ठाऊक असलं तरी पुरे. मला सांगायचं आहे ते एका शब्दाबद्दल. त्या शब्दाने माझं दीड वर्ष खाल्लं.

पण त्याआधी थोडं प्लास्टिकबद्दल, कारण त्यातही मी आपटले होते.

आपल्या विषयाचा बराचसा जन्मच प्रयोगशाळेतल्या पाझरणाऱ्या प्लास्टिकमधून झालाय. १९८०च्या दशकाच्या शेवटी बोस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात आना सोटो आणि कार्लोस सॉननशाइन यांच्याकडच्या स्तनकर्करोगाच्या पेशी इस्ट्रोजेन न घालताच वाढायला लागल्या. शोधता शोधता दोष सापडला नळ्यांमध्ये. प्लास्टिकमधून इस्ट्रोजेनसारखं वागणारं नोनिलफिनॉल पाझरत होतं. १९९१ साली त्यांनी ते छापलं. १९९३ साली स्टॅनफर्डच्या मंडळींना पॉलिकार्बोनेट या कडक प्लास्टिकच्या फ्लास्कमधून ऑटोक्लेव्ह करताना, म्हणजे वाफेने निर्जंतुक करताना, बिसफिनॉल-ए सुटताना दिसलं. १९९८ साली पॅट्रिशिया हंट यांच्या उंदरांची बीजांडं एकाएकी बिघडायला लागली, कारण कुणीतरी पिंजरे चुकीच्या डिटर्जंटने धुतले होते आणि पॉलिकार्बोनेट विरघळायला लागलं होतं. तो पेपर यायला २००३ साल उजाडलं.

हे वाचताना मला मोठी मौज वाटायची. पहिल्या बॅचमध्ये माझ्या स्वतःच्या ब्लँकमध्ये, म्हणजे निव्वळ पाण्यात, थॅलेट निघालं तेव्हा मौज संपली. नायट्राइलचे ग्लव्ह्ज संपले होते म्हणून मी शेजारच्या विभागातून विनाइलचे आणले होते. विनाइल म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसी मऊ करायला प्लास्टिसायझर घालतात. आम्ही मूळ थॅलेट मोजत नव्हतो, त्याचे मेटाबोलाइट, म्हणजे शरीरात मोडून झालेले अंश, मोजत होतो, म्हणून निभावून जायला हवं होतं. पण शरीर मेटाबोलाइटना ग्लुकुरोनाइडची जी गाठ मारून बाहेर टाकतं ती सोडवायला आम्ही गोगलगायीपासून काढलेलं स्वस्तातलं विकर वापरत होतो. त्यात एस्टरेज नावाचं दुसरं विकरही असतं. ते मूळ थॅलेट मोडून त्याचाच मेटाबोलाइट करून ठेवतं. ई. कोलाय जिवाणूचं विकर महाग पडतं. तरीही तेच घ्या. आणि ब्लँक प्रयोगशाळेत बसून करू नका. शुद्ध पाणी ओपीडीत न्या, तिथल्याच कपात ओता, तिथेच झाकण उघडा, नमुन्यांच्याच बर्फात ठेवून परत आणा. हा प्रकार झाला एवढाच. यात माझे तीन आठवडे गेले, दीड वर्ष नाही.

आता तो शब्द.

माझा प्रश्न साधा होता. गरोदरपणी आईच्या लघवीत डीईएचपीचे मेटाबोलाइट जास्त असले तर बाळाचं जन्मवजन कमी भरतं का? मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या एएनसी, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीच्या, ओपीडीत मी बसायचे. २४ ते २८ आठवड्यांच्या बायका निवडल्या, कारण त्या सुमारास त्यांना साखरेच्या तपासणीला यावंच लागतं. एक बाई, एक नमुना. तीनशेच्या वर बायका झाल्या. प्रश्नावली एका परदेशी कोहॉर्टच्या धर्तीवर इंग्रजीत केली आणि मराठी भाषांतर मी स्वतः केलं. मातृभाषाच आहे, कुणाला दाखवायचं कशाला, असं वाटलं. तिथे एक प्रश्न फास्टिंगचा होता. मी लिहिलं, "आज तुमचा उपवास आहे का?"

एथिक्स कमिटीने नियमाप्रमाणे उलट भाषांतर मागितलं. मैत्रिणीने तासाभरात करून दिलं. तिने 'उपवास'चं फास्टिंग केलं, मूळ फॉर्ममध्येही फास्टिंगच होतं, तंतोतंत जुळलं. मंजुरी मिळाली.

आता तुम्हीच ऐकून बघा. रात्री आठला जेवलेली, सकाळपासून पाणीसुद्धा बेतानेच घेतलेली, रिकाम्या पोटी बाकावर बसलेली बाई. तिला विचारलं, आज उपवास आहे का? ती म्हणणार, "नाही हो, आज कुठला उपवास?" आणि गुरुवारी आलेली बाई हसून म्हणणार, "हो, गुरुवार आहे ना," आणि सकाळीच साबुदाण्याची खिचडी, वर केळं, वर दोन कप चहा घेऊन आलेली असणार. माझ्या एक्सेलमध्ये पहिलीच्या नावापुढे शून्य आणि दुसरीच्या नावापुढे एक. सगळा रकाना उलटा, आणि बघायला अगदी नीटनेटका.

यात एवढं काय बिघडतं, असं वाटेल. मलाही वाटलं असतं, म्हणून सावकाश सांगते, कंटाळा आला तरी वाचा.

डीईएचपी आपल्या पोटात मुख्यतः अन्नातून जातं. तेल, तूप, दूध अशा स्निग्ध पदार्थांतून, प्रक्रियेच्या नळ्यांतून, गुंडाळलेल्या प्लास्टिकमधून. एमईपी ज्याच्यापासून बनतं ते डायइथाइल थॅलेट येतं मुख्यतः सुगंधातून: टाल्कम पावडर, अत्तर, स्प्रे, शाम्पू. जर्मनीत पाच जण ४८ तास उपाशी राहिले आणि त्यांची प्रत्येक लघवी तपासली गेली. हा अभ्यास २०१३ साली आला. डीईएचपीचे मेटाबोलाइट पहिल्या दिवसातच झपाट्याने खाली आले. सुगंधाकडून येणाऱ्यांना उपाशी राहण्याने काही फरक पडला नाही. म्हणजे सकाळी सहाला आंघोळ करून, पावडर लावून, काही न खाता आलेल्या बाईचं एमईपी वर आणि डीईएचपी खाली. पोळीभाजी खाऊन अकराला आलेल्या बाईचं दोन्ही वर. दोघींच्या आयुष्यात प्लास्टिक सारखंच आहे. फरक फक्त त्या दिवशीच्या सकाळचा.

एवढंच असतं तर आकडे नुसते गढूळ झाले असते, खरा संबंध झाकला गेला असता आणि मी रडत का होईना "संबंध आढळला नाही" असं लिहिलं असतं. पण उपाशी कोण येत होतं ते बघा. साखरेच्या तपासणीत आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घ्यायची पद्धत आहे, पोट रिकामं असो वा भरलेलं. मी धरून चालले की सगळ्यांचं तसंच होतं. त्या ओपीडीत मात्र ज्यांच्या घरात मधुमेह आहे, ज्यांचं आधीचं बाळ मोठं होतं, ज्यांचं वजन जास्त आहे, त्यांना मंगळवारी आणि शुक्रवारी वेगळं, उपाशीपोटी बोलवायचे. अशा आयांची बाळं वजनाला जास्त भरतात. आता दोन टोकं जोडा. मंगळवार-शुक्रवारच्या बायका: डीईएचपी कमी, बाळ जड. बाकीच्या दिवसांच्या: डीईएचपी जास्त, बाळ त्या मानाने हलकं. मी काढलेला निष्कर्ष: डीईएचपी वाढलं की जन्मवजन घटतं. पी व्हॅल्यू ०.०५च्या खाली, म्हणजे सांख्यिकीच्या रूढ कसोटीवर पास. माझं गृहीतक होतं अगदी तसंच.

बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सांख्यिकीच्या मॉडेलमध्ये होता की, असं व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एकाने विचारलंच. होता. पण गरोदरपणाआधीचं वजन बहुतेकींनी आठवून सांगितलेलं, आणि घरातला मधुमेह, आधीचं बाळ या गोष्टी मी मॉडेलमध्ये घेतल्याच नव्हत्या. आठवून सांगितलेल्या वजनावर किती भार टाकणार?

निकाल उलटा आला असता तर मी पहिल्याच दिवशी कोड उघडून बसले असते. हवा तसा आला, म्हणून पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. पोस्टर केलं, माझ्या गाईड मॅडम खूश, पेपरची प्रस्तावना लिहून तयार.

फोडलं ते ओपीडीतल्या सिस्टरांनी, आणि तेही न ठरवता. एका शुक्रवारी माझ्यासमोर एका बाईला भोवळ आली. सिस्टरांनी ड्रॉवरमधून बिस्किटांचा पुडा काढला आणि मला म्हणाल्या, "मंगळवार-शुक्रवारच्या तुझ्या बायका उपाशी असतात गं. त्यांना आधी बसवत जा, मग काय ते विचार."

"उपाशी? फॉर्मवर तर 'नाही' लिहिलंय."

"काय विचारलंस?"

"उपवास आहे का म्हणून."

"उपवास कशाला असेल? शुगरला आल्यात."

त्या रात्री मी आकडे वारांप्रमाणे लावले. डीईएचपीच्या रेषेला मंगळवारी खड्डा, शुक्रवारी खड्डा. एमईपीची रेष सरळ. पोटात गोळा आला तो दोन दिवस गेला नाही. मॅडमना सांगायला मला नऊ दिवस लागले.

पुढचं दीड वर्ष निस्तरण्यात गेलं. केसपेपर संगणकावर निघायचा, त्यावर वेळ छापलेली असायची. साखरेच्या प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये उपाशी कोण होती ते मिळालं. जवळजवळ सगळ्या नमुन्यांची वेळ अशी पुन्हा उभी केली. मग काही बायकांकडून नव्याने, दिवसाच्या तीन वेगवेगळ्या वेळी आणि पुन्हा महिन्याभराने नमुने घेतले. वेळ आणि उपाशीपण मॉडेलमध्ये घातल्यावर जन्मवजनाशी असलेला माझा तो सुंदर संबंध विरून गेला. माझ्या प्रबंधातलं सगळ्यात जाड प्रकरण आज एकाच बाईच्या लघवीत दिवसभरात आकडे कसे खालीवर होतात यावर आहे. मला त्यावर कधी काम करायचंच नव्हतं.

तर कृपा करून लिहून ठेवा. नमुना किती वाजता घेतला. त्याआधी लघवीला कधी गेली होती. शेवटचं काय आणि कधी खाल्लं. आंघोळ कधी, अंगाला काय लावलं. आठवड्याचा वार. या नोंदींना एक पैसा लागत नाही. दुसरं, एका बाईचा एकच नमुना घेऊन बिसफिनॉल-ए किंवा डीईएचपीवर गरोदरपणभराचं विधान करू नका. दोन, जमल्यास तीन घ्या. तपासणीचे पैसे नसतील तर एकाच बाईचे तीन नमुने सारख्या मापाने एकत्र करून एकदाच तपासा, तेही एकापेक्षा खूप बरं. लघवी किती पातळ आहे याच्या हिशेबासाठी क्रिएटिनिन या लघवीतल्या टाकाऊ पदार्थावर विसंबू नका. गरोदरपणात मूत्रपिंडांचं काम वाढतं तसं तेही हलतं. साधा रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे लघवीचा दाटपणा, नोंदवा.

आणि एकच नमुना परवडत असेल, दुसरा कुठल्याच मार्गाने शक्य नसेल, तर विषय बदला. हे तोडून बोलतेय. शिसं घ्या. रक्तातल्या शिशाचं अर्धायुष्य, म्हणजे ते निम्मं व्हायला लागणारा वेळ, साधारण महिनाभराचं असतं, त्यामुळे एक नमुनाही मागच्या काही आठवड्यांबद्दल खरं बोलतो. शिवाय गरोदरपणात हाडांतलं जुनं शिसं रक्तात उतरतं, म्हणजे बाईच्या लहानपणीचा हिशेबही समोर येतो. देशात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं, घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तरीही जुन्या बॅटऱ्या फोडणारे, काजळ-सुरमा, कुंकू, भेसळीचे मसाले आहेतच. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भपातळी २०२१ साली डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली. कामाला तोटा नाही. थॅलेट जरा फॅशनेबल वाटतात एवढंच.

प्रश्नावलीबद्दल अजून थोडं, कारण 'उपवास' हा काही एकटाच शब्द नव्हता. "सौंदर्यप्रसाधनं वापरता का?" या प्रश्नाला माझ्या बहुतेक बायकांनी "छे, आम्ही कुठे" म्हटलं, आणि खोलीत पावडरचा वास दरवळत होता. वस्तूंची नावं घ्या: पावडर, काजळ, नेलपॉलिश, केसांचं सुगंधी तेल, शाम्पूची पुडी, नवऱ्याचा स्प्रे. "पॅकबंद अन्न खाता का?" याला उत्तर येतं नाही. पिशवीतला चहा, पिशवीतला सांबार, कॅनमधून आणलेलं सुट्टं तेल यांना कुणी पॅकबंद म्हणत नाही. आणि "गर्भपात झाला होता का?" असं तर विचारूच नका. कित्येकींना तो शब्द 'करून घेतला का' असाच ऐकू येतो, त्यातून सासू शेजारी बसलेली. "याआधी दिवस राहिले होते, पण टिकले नाहीत असं झालं का?" हे मला एका आशाताईंनी शिकवलं. फॉर्म छापण्याआधी दहा बायकांसमोर मोठ्याने वाचा आणि प्रत्येक प्रश्नानंतर विचारा, मी काय विचारलं असं तुम्हाला वाटलं? दोन दुपारी जातील.

आपल्याकडचं अजून एक कोडं परदेशी मार्गदर्शिकांत मिळत नाही: माहेर. सातव्या-आठव्या महिन्यात बाई माहेरी जाते, पहिल्या खेपेला तर हमखास, आणि तुमचा कोहॉर्ट साताऱ्यापासून गोंदियापर्यंत पांगतो. फॉर्मवरचा मोबाइल नंबर नवऱ्याचा असतो, नवरा कामावर, आणि बाळाचं वजन त्याला "चांगलं होतं" एवढंच आठवतं. नोंदणीच्याच दिवशी माहेरचा पत्ता आणि भावाचा नंबर घ्या. माता-बाल संरक्षण कार्डाचा फोटो मागवा. तरीही २५०० ग्रॅमवर नोंदींचा ढीग दिसेल. २४६० लिहिण्यापेक्षा अडीच किलो लिहिणं सगळ्यांनाच सोयीचं पडतं. वजनावरच प्रबंध उभा असेल तर जिथे शक्य असेल तिथे स्वतःचा काटा घेऊन जा. गरोदरपणाचे आठवडेही पाळीच्या तारखेवर सोडू नका. "नागपंचमीच्या आधी आली होती" ही तारीख नव्हे. पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी धरा.

सोनोग्राफीवरून आठवलं. थॅलेटचे परिणाम मुलगा आणि मुलगी यांत वेगळे दिसतात. २००५ साली शॅना स्वान यांच्या गटाने मुलग्यांमधलं गुदद्वार ते जननेंद्रिय हे अंतर मोजून या विषयाला मोठं वळण दिलं. परदेशात काही जण हे अंतर पोटातच मोजतात. इथे तो विचारही मनात आणू नका. पीसीपीएनडीटी कायद्याखाली जन्माआधी लिंगाबद्दल ना विचारायचं, ना लिहायचं, ना कुणाला कळू द्यायचं. जन्मानंतर मोजा आणि प्रोटोकॉलमध्ये तसं स्वच्छ लिहा, एथिक्स कमिटीत महिना वाचेल. नमुने परदेशी पाठवायचे असतील तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. ती कागदपत्रं पहिल्या वर्षीच हलवा.

गाईडबद्दल मला विचारतात तेव्हा मी जरा कडू बोलते, सांभाळून घ्या. नावाजलेल्या गाईडपेक्षा जागेवर सापडणारा गाईड बरा. माझ्या मॅडम फार प्रसिद्ध नाहीत, पण नऊ दिवसांनी मी रडत त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पोस्टरवर कुणाकुणाचं नाव आहे? त्या सगळ्यांना आज मेल जाईल." आणि तो त्यांनी स्वतः लिहिला. माझ्या बॅचमधल्या एकाला मोठं नाव मिळालं होतं. त्याचे सर वर्षातून चारदा भेटायचे आणि चारही वेळा विषय बदलायचे. प्रवेशाआधी त्या प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला कॅन्टीनमध्ये गाठा. पहिल्या वर्षाचा अजून भारावलेला असतो आणि शेवटच्या वर्षाच्याला सहीची भीती असते. दुसऱ्या वर्षाचा खरं सांगतो.

शॉर्टकटबद्दल. अमेरिकेच्या नॅशनल हेल्थ अँड न्यूट्रिशन एक्झामिनेशन सर्व्हेची, म्हणजे एनहेन्सची, माहिती फुकट उतरवून घेता येते. १९९९–२००० पासूनचे थॅलेटचे आकडे त्यात आहेत. शिकायला याहून चांगली जागा नाही, मी आर ही सांख्यिकीची संगणकभाषा तिथेच शिकले. पण एक रसायन, एक आजार, एक रिग्रेशन (संबंध मोजायचं गणित) अशी जोडी लावून तीन महिन्यांत पेपर काढायचा जो कारखाना चालू आहे, त्यात शिरू नका. एकाच वेळी घेतलेला नमुना आणि नोंदवलेला आजार, यातून आधी काय घडलं ते कळत नाही. तसंच मिश्रणांची, म्हणजे अनेक रसायनांचा एकत्रित परिणाम मोजायची, सांख्यिकी. बीकेएमआर वगैरे पद्धतींची नावं ऐकून पोरं पहिल्याच वर्षी त्यामागे धावतात. आधी कागदावर बाण काढून दाखवा की काय कशावर परिणाम करतं. माझ्या कागदावर 'उपाशी' हा एक गोल काढला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पैसे देऊन छापणाऱ्या जर्नलबद्दल बोलत नाही, चिडचिड होते. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापण्याची सक्ती राहिलेली नाही, त्यामुळे तेही निमित्त उरलं नाही.

इतकं ऐकून घाबरला असाल तर घाबरू नका. मी हा सगळा गोंधळ घालूनही साडेपाच वर्षांत बाहेर पडले. नियमात सहा वर्षं मिळतात, मुलींना वर दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांची प्रसूती-बालसंगोपन रजा आहे. ती घ्या, कुणाचे टोमणे ऐकून सोडू नका. जेआरएफ ही संशोधनवृत्ती २०२३च्या जानेवारीपासून महिना ३७,००० आहे. कधीकधी चार महिने येत नाही आणि मग एकदम येते, तेवढी शिल्लक ठेवून असा. जन्मवजनाशी संबंध विरला म्हणून विषय पोकळ आहे असंही नाही. २०२२ साली अमेरिकेतल्या १६ अभ्यासांची, ६,०४५ गर्भवतींची माहिती एकत्र करून पाहिली तेव्हा काही थॅलेट जास्त असलेल्यांमध्ये वेळेआधी प्रसूती जास्त दिसली. त्यातल्या बऱ्याच अभ्यासांनी एका बाईचे अनेक नमुने घेतले होते. त्यांचे तक्ते मी बराच वेळ बघत बसले होते, थोडा हेवा वाटला.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. बायका विचारायच्या, "माझं कसं आलंय?" शिशाचं काही सांगता तरी येतं. लघवीतल्या थॅलेटचा अमुक आकडा म्हणजे अमुक धोका, असं एकेका बाईला सांगता येईल अशी पातळी नाही, आणि आता तर मला माहीत होतं की तो आकडा तिच्या त्या सकाळचा आहे. मी म्हणायचे, गरम जेवण प्लास्टिकमध्ये भरू नका, पावडर कमी करा, बाळाला काजळ घालू नका. एकीने विचारलं, "मग दूध पिशवीतून येतं त्याचं काय करू?" मी काहीतरी पुटपुटले.

माझ्यानंतर आलेल्या मुलीला मी नवा फॉर्म दिला. 'उपवास' काढून तिथे "आज सकाळपासून काही खाल्लं का?" असा प्रश्न घातला होता. मला वाटलं, आता बिनचूक झालं. पहिल्या दिवशी मी तिच्यासोबत बसले. पहिलीच बाई म्हणाली, "नाही, काहीच नाही."

मुलगी 'नाही'वर खूण करणार, तेवढ्यात मी विचारलं, "चहा?"

"चहा झालाय की."

"नुसता?"

"बटर दोन. बुडवून. ते काय खाणं आहे का?"

"किती वाजता?"

"साडेसहाला. नळाला पाणी येतं ना, तेव्हा."

मुलीने माझ्याकडे पाहिलं, खोडरबर काढलं आणि त्या प्रश्नाखाली पेनाने तीन रेघा वाढवल्या: चहा, सोबत काय, किती वाजता.